इतिहासातून पटकथा: कित्तूरच्या सीलबंद खजिन्यापासून सुरुवात

बेळगावातून धारवाडच्या वाटेला लागलं की तासाभरात कित्तूर येतं. आसपास बैलहोंगल, संगोळी, बेळवडी. खानापूरच्या बाजूला नंदगड, उत्तरेला निपाणी. यातल्या प्रत्येक गावाच्या नावाला एखादी घटना चिकटलेली आहे, आणि त्या घटनेवर सिनेमा व्हावा असं मनापासून वाटणारा एक तरी तरुण त्या गावात असतोच. एकांकिका स्पर्धांच्या निमित्तानं असे बरेच जण मला भेटतात, लिहिलेलं वाचायला देतात. बहुतेकांची सुरुवात एकसारखी असते. आधी जन्म, मग बारसं, मग तलवारीचं शिक्षण, लग्न, आणि चाळिसाव्या पानाच्या पुढं कुठंतरी खरी गोष्ट. पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट चालतं. म्हणजे प्रेक्षकाला चाळीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर सिनेमा सुरू होतो. या मुलांचा अभ्यास दांडगा असतो, तळमळ तर असतेच. फक्त त्यांनी लिहिलेलं असतं चरित्र, आणि चरित्र तसंच्या तसं पडद्यावर उभं राहत नाही.

इतिहास सांगणाऱ्याला काय घडलं आणि का घडलं हे उलगडायचं असतं. पटकथा लिहिणाऱ्याला त्याच सामग्रीत एक निर्णय शोधायचा असतो. तो कोणाला घ्यायचा आहे? कधीपर्यंत घ्यायचा आहे? चुकला तर घेणारा काय गमावून बसेल? या तिन्हींची उत्तरं हाताशी आली की लिहायला बसावं. तोवर वाचत राहावं. हे जरा नीट समजावं म्हणून कित्तूरचंच उदाहरण सविस्तर घेतो.

घटना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. राजा मल्लसर्जाच्या मागं त्याचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्जा गादीवर होता. तो सप्टेंबर १८२४ मध्ये वारला. पोटी मूल नव्हतं. दत्तक घेतल्याचं पत्र कंपनी सरकारकडं गेलं. पत्रावर तारीख जुलैची, पण ते धारवाडला पोचलं सप्टेंबरात, राजाच्या मृत्यूच्या सुमारास. धारवाडचा कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे याला संशय आला. त्यानं दत्तक मानायला नकार दिला आणि कित्तूरच्या खजिन्याला सील ठोकून पहारा बसवला. मल्लसर्जाची विधवा राणी चन्नम्मा हे मानायला तयार झाली नाही. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचा दरवाजा बंद राहिला. थॅकरेनं तो उघडायला मोजकी मिनिटं दिली. दरवाजा उघडला तो आतल्या फौजेनं बाहेर तुटून पडण्यासाठी. थॅकरे मारला गेला. स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट हे त्याचे दोन सहायक कैद झाले. डिसेंबरात कंपनीनं मोठी फौज आणली, किल्ला पडला. चन्नम्माला बैलहोंगलला कैदेत ठेवलं आणि १८२९ मध्ये तिथंच तिचा शेवट झाला. संगोळीचा रायण्णा पुढं लढत राहिला. जानेवारी १८३१ मध्ये त्याला नंदगडला फाशी दिली.

एवढ्या मजकुरात निदान चार वेगळे सिनेमे आहेत. २३ ऑक्टोबरला थांबलात तर विजयाची गोष्ट होते. डिसेंबरपर्यंत गेलात तर पराभवाची. बैलहोंगलच्या कैदेपासून सुरुवात केलीत तर आठवणींची, आणि रायण्णाला धरून चाललात तर राज्य बुडाल्यावरही न वाकणाऱ्या एका साध्या गावराखणदाराची. चारही सांगायचा मोह होतो. दोन-अडीच तासांत चारही कोंबले की एकही धड होत नाही. मला स्वतःला सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर हे सहा आठवडे सगळ्यांत भरलेले वाटतात. राजा गेलाय, दत्तकाचं काय होणार ते ठरलेलं नाही, खजिना परक्याच्या ताब्यात आहे आणि दर आठवड्याला धारवाडहून नवा निरोप येतोय. निर्णय चन्नम्माचा आहे. तिला मुदत दिली आहे दुसऱ्यानं. आणि निर्णय चुकला तर जाणार आहे सगळं राज्य.

आता घटनेतून दृश्य कसं काढायचं ते सांगतो, कारण बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. दत्तक नामंजूर झालं, खजिना सील झाला, राणी संतापली, ही सगळी माहिती आहे. माहिती पात्राच्या तोंडी घातली की पात्र भाषण करायला लागतं आणि प्रेक्षक मोबाइल काढतो. त्याऐवजी इतिहासाच्या साधनांत, म्हणजे जुन्या कागदपत्रांत, सुटी सुटी पडलेली दोन-तीन तथ्यं शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

मी २३ ऑक्टोबर १८२४ ही तारीख घेतली आणि चांद्रमास मागं मोजत नेला. ती तारीख आश्विन अमावस्येला लागून येते, म्हणजे दिवाळीचे दिवस. हे एक तथ्य. घरातला तरुण राजा जाऊन सहा आठवडेही झालेले नाहीत, हे दुसरं. आणि खजिन्याच्या दारावर कंपनीचं सील आहे, हे तिसरं. तिन्ही एकत्र ठेवा. लक्ष्मीपूजनाचे दिवस, दुखवट्यातला वाडा आणि आपल्याच तिजोरीला हात लावायची बंदी. यापुढं लेखकाला फारसं रचावं लागत नाही. पडद्यासाठी ते असं लिहिता येईल:

दृश्य १४. आतील. कित्तूरचा वाडा, खजिन्याबाहेरचा बोळ. संध्याकाळ.

जाड लाकडी दार. कुलपावर लाखेचं सील. बाजूला कंपनीचा शिपाई, इकडच्याच मुलखातला. म्हातारी दासी पूजेचं ताट घेऊन येते. शिपाई आडवा होतो.

दासी: दिवा तरी लावू दे.

शिपाई: बाहेर लावा. सीलाला हात लागला तर माझी मान जाईल.

ती उंबऱ्याशी पणती ठेवते. वाऱ्यानं ज्योत दाराकडं झुकते. लाख तापून मऊ पडायला लागते. शिपाई घाईनं वाकतो आणि पणती पायानं मागं सारतो. पायानंच सारली हे त्याच्याही ध्यानात येतं. जिन्यावर चन्नम्मा उभी आहे. ती सगळं बघते, वळते आणि आत जाते.

जेमतेम एक मिनिटाचं दृश्य. दत्तक, वारसा, कंपनीचा अंमल यांपैकी एकाही गोष्टीचा उच्चार त्यात नाही, पण प्रेक्षकाला सगळं कळतं. राणीनं तोंड उघडलेलं नाही आणि तरी तिचा निर्णय एक पायरी पुढं सरकलेला आहे. शिपाई दुष्ट नाही, त्याला नोकरी टिकवायची आहे. दृश्य असं लिहिलं की शंभर वाक्यांचा मजकूर वस्तूंमधून बोलतो: पणती, लाख, उंबरा.

यात खरं किती? अमावस्येचा हिशेब खरा, सील खरं, राजाचा मृत्यू खरा. त्या दिवसांत दारापुढं कोणी पणती ठेवली होती का, हे कुठल्याही कागदात नाही. ते मी रचलं. म्हणून लिहिताना एक शिस्त पाळायची. वहीत तीन रकाने आखायचे: साधनात आहे ते पहिल्यात, साधनांवरून निघतं ते दुसऱ्यात, मी रचलं ते तिसऱ्यात. प्रत्येक दृश्य लिहून झालं की त्यातली एकेक गोष्ट योग्य रकान्यात टाकायची. तिसऱ्या रकान्यातलं काहीही पहिल्याला छेद देत असेल तर ते दृश्य कितीही रंगलेलं असो, काढायचं. नाव-गाव असलेल्या खऱ्या माणसाच्या माथी न केलेला गुन्हा मारायचा नाही. रायण्णाला पकडून दिलं ते कोणी, यावर आपल्याकडं अजून नावं घेतली जातात आणि त्या त्या नावांची घराणी याच मुलखात नांदत आहेत. पक्का कागद हाताशी नसेल तर तिथं नाव न घेताही दृश्य होतं.

दासीचं पात्रही तिसऱ्या रकान्यातलंच. वाड्यात दासी असणारच, पण ही एक दासी मी घडवली. अनेक खऱ्या माणसांचे अनुभव एका कल्पित माणसात ओतणं पटकथेत सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही. दहा गावकरी, चार कारकून आणि सहा निरोपे पडद्यावर लक्षात राहत नाहीत, एक राहतो. काळाचंही तसंच. दोन आठवड्यांत आलेले तीन निरोप एका रात्री आणता येतात. मात्र कारण आणि परिणाम यांचा क्रम उलटा करायचा नाही. आधी सील आणि मग राणीचा राग, हे फिरवून आधी राणीचा कट आणि मग सील असं केलं तर तो वेगळाच इतिहास होतो.

थॅकरेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आपल्या बहुतेक खर्ड्यांत तो मिशा पिळणारा खलनायक असतो. खरं पाहता तो नियमावर बोट ठेवणारा अधिकारी होता. पत्रावरची तारीख आणि ते पोचल्याची तारीख जुळत नव्हती, आणि त्याच्या लेखी प्रश्न तिथंच मिटला होता. स्वतःच्या नजरेतून तो बरोबर आहे असं प्रेक्षकाला क्षणभर वाटलं पाहिजे. तसं झालं तरच चन्नम्माचा नकार धाडसाचा ठरतो. मूर्ख शत्रूशी लढणाऱ्याचं शौर्य दिसत नाही.

गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगायची, हाही असाच प्रश्न आहे. कैद झालेला वॉल्टर एलियट त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. पुढं त्यानं याच भागातले कानडी शिलालेख गोळा करण्याचं मोठं काम केलं. किल्ल्याच्या आत सापडलेला तरुण परका माणूस, भोवती त्याच्याच वरिष्ठाला मारणारी माणसं, आणि तरीही तो जिवंत परत येतो. पटकथेच्या दृष्टीनं हे पात्र फार ओढ लावतं. तरी मी त्याच्या नजरेतून कित्तूर सांगणार नाही. आपल्या राणीची गोष्ट कळायला गोऱ्या साक्षीदाराची गरज का पडावी? तो उत्तरार्धात दुय्यम पात्र म्हणून यावा, एवढंच.

कालविपर्यासाचे सापळे या भागात ठरलेले आहेत. १८२४ च्या गोष्टीत 'बेळगावचा कलेक्टर' येतो. बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये वेगळा झाला, त्याआधी कारभार धारवाडहून चाले. डलहौसीचं संस्थानं खालसा करण्याचं धोरण संवादात येतं, आणि डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. तार नव्हती, आगगाडी नव्हती. धारवाडहून कित्तूरला निरोप घोड्यावरून यायचा, त्याला काही तास लागायचे. ही अडचण न मानता तिचा वापर करावा: निरोप्या निघालाय, तो पोचायच्या आत इकडं काहीतरी घडून जातं. १८८४ साली छापलेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड वाचायला सोपा आहे, पण तो सरकारी नजरेनं लिहिलेला आहे हे विसरू नये. इलाख्याची मूळ दफ्तरं मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत. इकडच्या जुन्या कागदांत मोडी भरपूर सापडते, त्यामुळं मोडी वाचणारा एक जोडीदार मिळवलात तर इतरांना न मिळालेलं दृश्य तुम्हाला मिळेल.

काही घटना मोठ्या असतात, पण त्यांत ताण नसतो. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या टिळकवाडी भागात भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन घ्या. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आपल्या गावाचा केवढा मान! पण कायदेमंडळात जाऊ पाहणाऱ्या काँग्रेसजनांच्या स्वराज्य पक्षाशी तडजोड आधीच नोव्हेंबरात कलकत्त्याला झालेली होती, बेळगावात तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. व्यासपीठ दाखवाल तर भाषणांशिवाय हाती काही लागणार नाही. कॅमेरा खाली आणा. हजारो माणसांना पाणी पुरवायचं म्हणून खोदलेली विहीर अजून तिथं आहे. गंगाधरराव देशपांड्यांसारख्या आयोजकांच्या डोक्यावर केवढा भार असेल. पाहुणे यायची तारीख ठरलेली, विहिरीला पाणी लागेल की नाही ते माहीत नाही. हा झाला ताण. किंवा स्वागतगीत गायला आलेली अकरा वर्षांची मुलगी घ्या, पुढं गंगूबाई हनगल म्हणून देशाला माहीत झालेली. एवढ्या गर्दीत एका लहान मुलीला काय दिसलं असेल, त्यावर सबंध लघुपट होतो.

बेळवडीची गोष्ट मात्र मराठी लेखकाचा खरा कस पाहणारी आहे. दक्षिण दिग्विजयाहून परतताना, १६७८ च्या सुमाराला, मराठी फौजेला बेळवडीच्या गढीनं अडवलं. लढणारी बाई कानडी परंपरेत मल्लम्मा आहे, मराठी साधनांत सावित्रीबाई देसाईण. राजापूरच्या इंग्रज वखारीच्या फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात असा मजकूर आहे की इतकी राज्यं जिंकलेल्या शिवाजीराजांना ही एक देसाईण आवरेना. शेवटी गढी पडली. सखूजी गायकवाड या सरदारानं तिच्याशी गैरवर्तन केलं आणि महाराजांनी त्याला कडक शिक्षा केली, असं काही साधनं सांगतात. धारवाडजवळच्या यादवाडचं महाराजांचं शिल्प तिनंच कृतज्ञतेनं घडवून घेतलं, असं परंपरा मानते.

मराठी लेखकाला इथं दोन मोह पडतात. एक तर वेढा दोन मिनिटांत उरकून थेट महाराजांच्या न्यायावर यायचं, किंवा विषयच टाळायचा. माझं ठाम मत आहे की वेढा पूर्ण दाखवावा, तोही तिच्या बाजूनं. गढीतलं धान्य संपत येतंय, समोरची फौज कोणाची आहे ते तिला माहीत आहे, आणि तरी ती दार उघडत नाही. तिची ताकद पूर्ण दिसली की मग शेवटी समोर येणाऱ्या महाराजांचा मोठेपणाही खरा वाटतो. साधनं एकमेकांशी जुळत नसतील तर सगळी मिळून गुळमुळीत मधला मार्ग काढू नये. एक धागा निवडावा, तो धरून शेवटपर्यंत जावं, आणि आपण कोणता धागा धरला ते सुरुवातीच्या पाटीवर प्रामाणिकपणं लिहावं.

ज्या घटनांचे साक्षीदार अजून हयात आहेत तिथं जबाबदारी वाढते. निपाणीचं तंबाखू आंदोलन १९८१ चं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं, रस्त्यावरच आंदोलननगर वसलं, विडी कामगार बायकाही त्यात आल्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मारले गेले. त्या घरांत आजही माणसं आहेत. त्यांच्याकडं कॅमेरा घेऊन जाण्याआधी नुसतं जाऊन बसावं, ऐकावं. गोळीबाराचं दृश्य त्यांच्याकडून दहादा वदवून घ्यायची गरज नाही, त्याचा तपशील वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत मिळतो. त्यांना विचारावं ते आदल्या दिवसाबद्दल. चूल कुठं मांडली होती, भाकऱ्या कोण आणत होतं, गुरांकडं घरी कोण बघत होतं. आंदोलन पडद्यावर जिवंत होतं ते याच तपशिलांनी. १७ जानेवारी १९५६ च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांबद्दलही मी हेच सांगेन. आपल्याला त्या दिवसाबद्दल भरून येतं, पण आपलं भरून येणं प्रेक्षकापर्यंत आपोआप पोचत नाही. त्यासाठी एक घर, एक सकाळ आणि घरातून बाहेर पडणारं एक माणूस लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ऐतिहासिक तथ्यावर कोणाची मालकी नसते. कल्पना, विषय, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कॉपीराइट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण एखाद्या कादंबरीकारानं रचलेले संवाद, कल्पिलेली पात्रं, प्रसंगांची त्याची मांडणी ही त्याचीच, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत तो हक्क टिकतो. म्हणून गावात 'सगळ्यांना माहीत असलेला' एखादा प्रसंग खरोखर इतिहासातला आहे की कुठल्या नाटकातून लोकांच्या तोंडी बसलाय, ते तपासून घ्यावं. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते. वारसांच्या भावना दुखावतील असं विधान केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार होऊ शकते. तीन रकान्यांची वही तिथंही कामाला येते. लिहून झालं की मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पटकथेची नोंदणी करून मगच ती निर्मात्याच्या हातात द्यावी.

राहता राहिली भाषा. कित्तूरच्या वाड्यात शुद्ध पुणेरी मराठी ऐकू आली तर ती खोटी वाटते, आणि सगळा सिनेमा कानडीत केला तर मराठी निर्माता हात आखडता घेतो. मला मधला उपाय पटतो. घरातलं बोलणं कानडीत, खाली मराठी ओळी. कचेरीतला आणि कंपनीच्या शिरस्तेदाराबरोबरचा व्यवहार मराठीत. बाजारात दोन्ही सरमिसळ, जशी आजही बेळगावच्या रविवार पेठेत ऐकू येते. त्यासाठी संवादांना कानडी लेखक सोबत घ्यावा आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव आपल्या बरोबरीनं द्यावं. पहिला खर्डा तयार झाला की तो बेळगावच्या नाट्यवर्तुळात वाचायच्या आधी बैलहोंगलला न्यावा, चार कानडी शिक्षक आणि दोन शेतकरी गोळा करून मोठ्यानं वाचावा. जिथं ते चुळबुळ करतील तिथं पानावर खूण करावी. दृश्य तिथं लांबलेलं असतं किंवा खोटं झालेलं असतं, आणि दुसऱ्या खर्ड्याचं काम त्या खुणांपासून सुरू करता येतं.